आपल्याच साक्षीदाराला बोलतं करणारे भुलाभाई

कोर्ट म्हटलं की लोकांना उलटतपासणी आठवते. पण खटला उभा राहतो तो सरतपासणीवर, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांवर. भुलाभाई देसाईंची खरी कसोटी तिथंच लागली.

१८७७ साली वलसाड भागात जन्मलेले भुलाभाई १९०५ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. पुढे त्यांनी बारडोलीच्या शेतकऱ्यांची बाजू चौकशी समितीपुढे मांडली. २२ टक्के सारावाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. नंतर ते काँग्रेसमध्ये गेले, तुरुंगात गेले, तब्येत ढासळली. १९४५ मध्ये लियाकत अली खान यांच्याशी झालेल्या समझोत्यावरून पक्षात नाराजी झाली आणि निवडणुकीचं तिकीटही मिळालं नाही.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावरचा खटला सुरू झाला. समोर सात लष्करी अधिकाऱ्यांचं कोर्ट. बचावाची धुरा आजारी भुलाभाईंनी घेतली.

मुद्दा एकच होता: आझाद हिंद सरकार हे खरंखुरं सरकार होतं, त्यामुळे त्याचे सैनिक बंडखोर नव्हेत, युद्धातले सैनिक. पण हे वकिलानं सांगून भागत नाही. सरतपासणीत उत्तर सुचवणारा प्रश्न साधारणपणे विचारता येत नाही. गोष्ट साक्षीदाराच्या तोंडूनच यावी लागते. म्हणून त्यांनी एकेका साक्षीदाराकडून एकेक वीट घेतली. सरकारला मिळालेल्या मान्यतेबद्दल जपानी परराष्ट्र खात्याचे अधिकारी बोलले, बँकेबद्दल संचालक दीनानाथ, मंत्रिमंडळाबद्दल अय्यर.

सगळंच सोयीचं निघालं नाही. अंदमानात प्रत्यक्षात शिक्षण खात्याचाच कारभार हाती आला, हे लोगनाथन यांच्या साक्षीत आलं. जपानचे प्रतिनिधी हाचिया अधिकारपत्राविना रंगूनला आले होते, हेही आलं. पण अधिकारपत्र नाही म्हणून नेताजींनी त्यांना भेट नाकारली, हेही त्याच साक्षीत होतं. जपानच्या तालावर नाचणारं सरकार असं वागेल का?

शेवटी भुलाभाई दोन दिवस बोलले. कोर्टानं तिघांना दोषी ठरवून जन्मठेप दिली, पण देशभरातल्या संतापापुढे सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती माफ केली. तिघे घरी गेले. भुलाभाई मात्र चारच महिन्यांत, ६ मे १९४६ रोजी गेले.