फादर थॉमस स्टीफन्स : उपकारस्तुतीला मराठी वाणी देणारा धर्मगुरु

ज्युबिलीचा सण म्हणजे देवाच्या उपकारांची उजळणी होय. विंचूरच्या आपल्या धर्मग्रामांत या प्रसंगीं ज्या भाषेंत आपण कांद्याचा भाव पुसतों आणि लेंकरांस निजवितों, त्याच भाषेंत परमेश्वराचे आभार मानतों. ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यापाठीमागें कोणाचे कष्ट आहेत याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. म्हणून ज्या परदेशी धर्मगुरूनें चारशें वर्षांपूर्वीं ख्रिस्ती उपकारस्तुति मराठी ओवींत आणली, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत, विल्टशायर परगण्यांतील बुश्टन येथें झाला. त्यांचें तारुण्य कठीण काळांत गेलें. एलिझाबेथ राणीच्या कायद्यानें १५५९ पासून त्या देशांत मिस्सा करणें हा गुन्हा ठरला होता. ज्या यज्ञाला ग्रीक भाषेंत उपकारस्तुति असेंच नांव आहे, तो यज्ञ चोरून, दारें लावून करावा लागे. थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत गृहस्थ स्टीफन्स यांचे स्नेही होते. त्यांचा सेवक असल्याची बतावणी करून स्टीफन्स कांहीं काळ त्यांच्यासंगें राहिले, आणि दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत शिरण्याचा बेत केला. पाउंड पकडले गेले व पुढील सुमारें तीस वर्षें त्यांनीं तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स तेवढे निसटले, आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथें संघांत दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बन बंदरांतून हिंदुस्थानास निघाले. या सफरीचा वृत्तांत त्यांनीं त्याच वर्षीं १० नोव्हेंबरला गोव्याहून आपल्या पित्यास लिहून कळविला. तें पत्र १५८९ सालीं इंग्लंडांत छापलेंहि गेलें. आमच्या मतें स्टीफन्स यांचें अंतःकरण ओळखावयाचें तर तें याच पत्रांत. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं त्यांचें गलबत किनाऱ्याच्या अगदीं जवळ ओढलें गेलें. तळाशीं धारदार खडक, त्यामुळें नांगर टिकेनात. किनारा असा कीं कोठेंहि उतरतां येऊं नये, आणि उतरलें तरी पुढें हिंस्र श्वापदें व परक्यास जीवें मारणारे लोक. देव आणि निर्मळ सदसद्विवेक यांवांचून कसलाच आधार उरला नाहीं. नांगर गमावल्यावर खलाशांनीं शिडें उभारलीं तीं गलबत फुटावयाचेंच तर निदान बऱ्या ठिकाणीं फुटावें एवढ्याच आशेनें. इतक्यांत, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, जमिनीकडून वारा सुटला, शिडें फुगलीं आणि गलबत सुखरूप बाहेर पडलें. हें सांगून स्टीफन्स देवाचे आभार दोन शब्दांत मानतात आणि लागलीच पुढील हकीकतीकडे वळतात. दुसऱ्या दिवशीं सगळ्या गलबताला पुरून उरतील एवढे मासे मिळाले, आणि एकाच्या गळाला मोठें मोलाचें पोंवळें लागलें!

आम्हांस ही मासळीची गोष्ट फार आवडते. मरण टळलें म्हणून आभार कोणीहि मानील. दुसऱ्या दिवशींचें जेवणहि ज्याच्या स्मरणांत राहतें, त्याला उपकार ओळखण्याची दृष्टि लाभली असें म्हणावें. आणि ही सफर कांहीं सुखाची नव्हती. हिरड्या सुजणें, पाय सुजणें अशा दुखण्यांनीं दीडशेंहून अधिक माणसें पडलीं व सत्तावीस दगावलीं. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास पोंचले, आणि मायदेशीं पुन्हा कधींच गेले नाहींत.

पुढील जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं बहुतेक सासष्टी प्रांतांत घालविलीं. तेथें त्यांनीं कोंकणी व मराठी या भाषा मनःपूर्वक अभ्यासिल्या. या देशच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, हें त्यांनीं १५८३ मध्येंच आपल्या भावास लिहिलें. विद्वान् लोकांस ही गोष्ट दोनशें वर्षांनंतर महत्त्वाची वाटूं लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस कांहीं इंग्रज व्यापारी गोव्यांत तुरुंगांत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठींहि ते झटले.

१५८३ सालींच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत दारुण घटना घडली. पोर्तुगीज फौजेनें सासष्टींतील देवळें पाडल्यामुळें लोक संतापलेले होते. १५ जुलै रोजीं कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु यांस गांवकऱ्यांनीं ठार मारिलें. त्यांच्याबरोबर कांहीं ख्रिस्ती प्रापंचिकहि मेले. मृतांचीं शरीरें मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामीं स्टीफन्स पुढें झाले. नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून बहुतेकांस दग्यानें मारिलें, हेंहि येथें लपवून ठेवणें बरें नव्हे. ज्याचे भाऊ असे गेले, त्याने त्या प्रांताकडे पाठ फिरविली असती तर नवल नव्हतें. स्टीफन्स तेथेंच राहिले, आणि त्याच लोकांच्या भाषेंत देवाचें गुणगान करावयाचें म्हणून तीस वर्षें लेखणी झिजवीत बसले.

या श्रमाचें फळ म्हणजे ख्रिस्तपुराण. तें लिहिण्याचें निमित्त त्यांनीं आरंभींच्या भागांतच सांगितलें आहे. मुलांची धर्मशिक्षा चालली असतां एक ब्राह्मण पुढें येऊन पादरी-गुरूस विनवितो कीं, मुलांस दोत्रिन शिकवितां हें उत्तमच. पण आमचीं पूर्वींचीं पुराणें आतां बंद झालीं, तेव्हां त्यांच्या जागीं आम्हांस आपल्या भाषेंत कांहीं वाचावयास द्या. या मागणींतलें दुःख ध्यानांत घ्यावें. मिस्सा त्या काळीं लॅटिन भाषेंत होई. आपल्याकडे मराठी मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची, म्हणजे १९६२-६५ नंतरची आहे. वाडवडिलांच्या पोथ्या गेलेल्या, वेदीवरची भाषा कळत नाहीं, अशा माणसानें सुगी घरांत आल्यावर किंवा मूल दुखण्यांतून उठल्यावर देवापाशीं बोलावें तरी कोणत्या शब्दांनीं?

स्टीफन्स यांनीं त्यांस शब्द दिले. सुमारें ११,००० ओव्या, दोन भाग. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंत, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. त्यांतील मराठी भाषेची स्तुति शाळेंतल्या पोरासहि ऐकून ठाऊक असते. परंतु ग्रंथाचा आरंभ भाषेच्या स्तुतीनें होत नाहीं, देवबापाच्या नमनानें होतो. मराठी कवीनें आधीं मंगलाचरण करावें ही ज्ञानेश्वरांपासूनची रीत; ती या इंग्रज माणसानें जशीच्या तशी उचलली. स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ म्हटलें, आणि छंद घेतला तो ओवीचा. आपल्या भागांत गिरण्या येण्यापूर्वीं पहांटे जात्यावर जी ओवी ऐकूं येई, ती त्याच कुळांतली. म्हणजे ऐकणाऱ्याला प्रार्थनेसाठीं नवीन गळा कमवावा लागला नाहीं.

ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला. नंतर १६४९ व १६५४ मध्यें पुन्हा. रविवारीं व सणावारीं मिस्सा आटोपल्यावर देवळांत त्याचें वाचन होई, आणि लोक तें मोठ्या आवडीनें ऐकत. स्टीफन्स १६१९ मध्यें निवर्तले. त्यांचें कोंकणी भाषेंतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ मध्यें, तर व्याकरण १६४० मध्यें छापलें गेलें.

१६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयानें देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पुराण तरलें तें हस्तलिखितांच्या बळावर, विशेषतः मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांत. १७८४ सालीं टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासांत याच ओव्यांनीं त्यांची श्रद्धा जागती ठेविली, असें त्यांच्यांत परंपरेनें सांगतात. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला.

एक गोष्ट मात्र स्टीफन्स यांच्या हयातींत साधली नाहीं. येथल्या लिपीचे खिळे ओतवून घ्यावेत अशी विनंती त्यांनीं १६०८ मध्यें संघाच्या वरिष्ठांस केली होती. ते खिळे झाले नाहींत, आणि ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. साल्ढाणांची आवृत्तीहि रोमन लिपींतच निघाली. पुढें १९५६ मध्यें पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत छापून प्रसिद्ध केला. विनंती लिहिली गेली त्याला तेव्हां ३४८ वर्षें झालीं होतीं.