बिनविरोध उंट

आपल्या मासिकात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शास्त्रज्ञावर किंवा उद्योजकावर लेख असतोच. या वेळी मी एका वेगळ्याच माणसाबद्दल लिहायचं ठरवलं आहे. हा गृहस्थ आपल्यासारखाच घर सोडून शिकायला मोठ्या शहरात आला, पॉलिटेक्निकमध्ये गणितासाठी नाव घातलं, आणि दोनेक वर्षांत ते शिक्षण अर्धवट टाकून बुद्धिबळाच्या मागे लागला. पुढे तो जगातला पहिला अधिकृत विश्वविजेता झाला. त्याचं नाव विल्हेल्म स्टाइनिट्झ. हे वाचून कोणी उद्या सकाळी एचओडी सरांच्या टेबलावर टी.सी.चा अर्ज ठेवू नये ही नम्र विनंती. लेख शेवटपर्यंत वाचलात तर ठेवणारही नाही!

स्टाइनिट्झचा जन्म मे १८३६ मध्ये प्रागच्या ज्यू वस्तीत झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. घरात भावंडांची ही रांग आणि पैशाची कायम ओढाताण. साधारण बाराव्या वर्षी तो बुद्धिबळ शिकला. विशीत तो व्हिएन्नाला आला. दिवसा पॉलिटेक्निक आणि उरलेला वेळ शहरातल्या कॅफेंमध्ये पट. हळूहळू कॅफेचा वेळ वाढत गेला आणि लेक्चरचा कमी होत गेला. (हे गणित आपल्याला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.) १८६१ मध्ये त्याने व्हिएन्नाची स्पर्धा अक्षरशः धुऊन काढली आणि १८६२ मध्ये ऑस्ट्रियाचा प्रतिनिधी म्हणून तो लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेला. तिथे सहावा आला आणि लंडनमध्येच राहिला.

त्या काळचं बुद्धिबळ कसं होतं हे कळायला आपल्या कॉमन रूममध्ये रात्री साडेदहाला एक चक्कर मारावी. वजीर बाहेर, उंट बाहेर, आणि सुटले सगळे समोरच्या राजावर! तेव्हाचे मोठमोठे खेळाडूही असेच खेळायचे, अर्थात आपल्यापेक्षा हजारपट चांगलं. प्यादं फुकट द्यायचं, घोडा द्यायचा, हत्तीसुद्धा द्यायचा, पण मात देखणी झाली पाहिजे. दिलेलं मोहरं न घेणं हा भित्रेपणा समजला जायचा. तरुण स्टाइनिट्झही याच शाळेतला. १८६६ मध्ये त्याने त्या वेळचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू अँडरसन याला सामन्यात ८ विरुद्ध ६ डावांनी हरवलं. चौदा डावांत एकही बरोबरी नाही, यावरूनच कल्पना करा.

आता मला ज्याबद्दल खरं तर सांगायचं आहे त्या ठिकाणी येतो. एवढं यश मिळाल्यावर माणूस आपली पद्धत बदलत नाही. स्टाइनिट्झने बदलली. त्याला प्रश्न पडला, की हल्ला यशस्वी होतो तो हल्ला करणाऱ्याच्या प्रतिभेमुळे, की समोरच्याच्या स्थितीत आधीच काहीतरी कच्चं राहिलेलं असतं म्हणून? विचार करता करता तो दुसऱ्या उत्तरावर आला. समोरची स्थिती पक्की असेल तर कितीही हुशार हल्ला फुटायलाच हवा. म्हणून आधी कच्ची जागा शोधायची, ती नसेल तर छोट्या छोट्या खेळ्यांनी तयार करायची, असे लहान फायदे साठवत जायचं, आणि हल्ला सगळ्यात शेवटी.

ही कच्ची जागा म्हणजे काय? प्यादं फक्त पुढे जातं, मागे कधीच येत नाही. ते तिरपं मारतं, म्हणजे शेजारच्या रांगांतल्या पुढच्या घरांवर पहारा देतं. एकदा ते पुढे सरकलं की मागे टाकलेल्या घरांवरचा त्याचा पहारा कायमचा उठतो. ज्या घरावर आता आपलं कुठलंच प्यादं पहारा देऊ शकत नाही, ते घर कच्चं. पण नुसतं घर कच्चं असून काही बिघडत नाही. स्लॅबला बारीक चीर पडली म्हणून इमारत लगेच पडत नाही. तिच्यात पाणी मुरायला लागलं की मग सळई गंजायला लागते. पटावर हे पाणी मुरवण्याचं काम उंट करतो.

प्रत्येकाकडे दोन उंट असतात. एक जन्मभर पांढऱ्या घरांवरून चालतो, दुसरा काळ्या. चौसष्ट घरांपैकी बत्तीस घरं एकाची, बत्तीस दुसऱ्याची. आता समजा समोरच्याने आपला पांढऱ्या घरांचा उंट घोड्याच्या बदल्यात देऊन टाकला आणि माझा पांढऱ्या घरांचा उंट शिल्लक आहे. हिशोबाला मारामारी बरोबरीची झाली. पण त्या बत्तीस घरांवर माझ्या उंटाला अडवायला त्याच्याकडे आता दुसरा उंट नाही. ग्रामपंचायतीत एखादा उमेदवार बिनविरोध निवडून यावा तसा हा उंट बिनविरोध! स्टाइनिट्झने या गोष्टीची ताकद ओळखली आणि १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेत ती जगाला दाखवून दिली.

या स्पर्धेतला रोझेन्थालविरुद्धचा त्याचा डाव मी पटावर मांडून दोन-तीनदा खेळून पाहिला. तुम्हीही मांडा, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. स्टाइनिट्झकडे काळी मोहरी होती. सुरुवातीच्या मारामारीत पांढऱ्याची राजासमोरची आणि वजिरासमोरची, म्हणजे मधली दोन्ही प्यादी गेली. त्याचं एफ प्यादं आधीच एफ४ वर पोचलं होतं. स्टाइनिट्झचा काळ्या घरांचा उंट जी७ वरून लांबवर नजर रोखून बसलेला, म्हणून त्याला अडवायला रोझेन्थालने तेराव्या खेळीला सी प्यादं सी३ वर ढकललं. खेळी अगदी साधी, तुम्ही-आम्ही कोणीही हीच केली असती. पण आता डी३ आणि ई४ या दोन्ही पांढऱ्या घरांवर पहारा देणारं एकही प्यादं उरलं नाही. चौदाव्या खेळीला स्टाइनिट्झचा घोडा सी४ वर उतरला, आणि पंधराव्या खेळीला रोझेन्थालने आपल्या पांढऱ्या घरांच्या उंटाने तो मारला. स्टाइनिट्झच्या वजिराने लगेच उंटाला मारलं. झालं! डावाचा निकाल लागायला अजून तेवीस खेळ्या होत्या, पण पांढरी घरं त्याच क्षणी स्टाइनिट्झच्या नावावर झाली.

पुढे त्याने काय केलं? हल्ला? अजिबात नाही. त्याने पांढऱ्याच्या घोड्याची वरात काढली. पटाच्या मध्यावर डी४ ला घोडा रुबाबात उभा होता. सी५ ला प्यादं टाकून त्याला उठवलं, तो एफ३ ला गेला. तिथून उडी मारून ई५ ला आला. एफ६ करून तिथूनही उठवलं, तो जी४ ला गेला. एच५ करून पुन्हा उठवलं, शेवटी बिचारा एफ२ वर परत. आता कोणी म्हणेल, अरे बाबा, तुझी स्वतःची राजासमोरची प्यादी एवढी पुढे गेली, तुझी घरं कच्ची नाही का झाली? झाली की! पण त्याच्या राजाभोवती जी घरं सैल पडली ती मुख्यतः पांढरी, आणि त्यांच्यात तिरपा घुसणारा पांढऱ्याचा उंट केव्हाच पटाबाहेर गेला होता. मला या डावातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. बिनविरोध उंट समोरच्याची कच्ची घरं तर खातोच, वर आपल्याला आपली काही घरं कच्ची ठेवण्याची मुभाही देतो.

मग उंट ए६ वर, तिथून बी७ वर, तिथून डी५ वर. त्याच्या रस्त्यावरून वजीर पुढे सरकतो आणि एफ५ वरचं प्यादं उचलतो. हत्ती ई२ वर घुसतो. वजीर सी२ वर, मग ए२ वरचं प्यादं, मग बी३ वरचं प्यादं. पांढऱ्याचा उरलेला उंट एकतिसाव्या खेळीला सी१ वर, स्वतःच्या मूळ घरी जाऊन बसलेला! तो काळ्या घरांचा, यातल्या एकाही घराला त्याचा हात लागत नाही. अडतिसाव्या खेळीला स्टाइनिट्झच्या वजिराने घोडा मारला आणि रोझेन्थालने डाव सोडला. तो घोडा कुठल्या घरावर मेला माहितीये? डी३! तेराव्या खेळीला कच्चं पडलेलं तेच घर. आणि अजून एक गंमत तपासून पाहा. या अख्ख्या डावात स्टाइनिट्झचा वजीर डी५, सी४, ई६, एफ७, पुन्हा डी५, एफ५, सी२, ए२, बी३, डी३ इतका फिरला. यातलं प्रत्येक घर पांढरं आहे. जिथे समोरचा उंट पोचूच शकत नाही अशाच घरांवरून त्याने सगळी मोहीम चालवली.

ती स्पर्धा स्टाइनिट्झने जिंकली. ब्लॅकबर्नशी बरोबरी झाली होती, जादाच्या सामन्यात त्याला हरवलं. पुढे १८७६ मध्ये त्याच ब्लॅकबर्नला त्याने सामन्यात ७ विरुद्ध ० असं हरवलं. १८७३ पासून १८८२ पर्यंत मिळून सलग २५ गंभीर डाव जिंकले. तरी लोक काय म्हणाले? हे भित्र्याचं बुद्धिबळ आहे, यात रंगत नाही. स्टाइनिट्झ गप्प बसणारा नव्हता. आधी लंडनच्या द फील्ड या साप्ताहिकातून आणि पुढे अमेरिकेत स्वतः काढलेल्या बुद्धिबळाच्या मासिकातून त्याने आपली बाजू मांडली, आणि मांडताना भरपूर भांडणंही ओढवून घेतली. मैत्री टिकवण्याची कला त्याला फारशी अवगत नव्हती असं दिसतं.

१८८३ च्या लंडन स्पर्धेत झुकरटॉर्ट पहिला आला, स्टाइनिट्झ चक्क तीन गुणांनी मागे, दुसरा. मग जगातला सर्वश्रेष्ठ कोण? १८८६ मध्ये अमेरिकेत दोघांचा सामना झाला, जो विश्वविजेतेपदाचा पहिला अधिकृत सामना मानला जातो. आधी दहा डाव जिंकेल तो विजेता. न्यूयॉर्कमधल्या पहिल्या पाच डावांत झुकरटॉर्टने ४ विरुद्ध १ अशी आघाडी घेतली. पन्नाशीला टेकलेला माणूस इथे खचून गेला असता तर नवल नव्हतं. स्टाइनिट्झने आपली पद्धत सोडली नाही. सेंट लुईसला बरोबरी साधली आणि न्यू ऑर्लिन्सला सामना खिशात घातला. शेवटी १० विजय, ५ पराभव, ५ बरोबरी. विश्वविजेत्यांची जी परंपरा तिथे सुरू झाली तिच्यात पुढे २००७ मध्ये आपला आनंद आणि २०२४ मध्ये गुकेश जाऊन बसले.

पण पटावरच्या कच्च्या घरांचा एवढा हिशोब ठेवणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातली घरं एकेक करून उघडी पडत गेली. १८८८ मध्ये त्याची तरुण मुलगी वारली, १८९२ मध्ये बायको. पैसा कधी टिकलाच नाही. १८९४ मध्ये २५ वर्षांच्या इमॅन्युएल लास्करने त्याचं विश्वविजेतेपद काढून घेतलं. गंमत म्हणजे लास्कर त्याचीच पद्धत शिकून मोठा झाला होता, आणि नंतर आपल्या पुस्तकात स्टाइनिट्झचे विचार सगळ्यात मोठ्या आदराने त्यानेच मांडले. १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत म्हाताऱ्याने फॉन बार्डेलेबेनला हरवताना असा काही हल्ला केला, की समोरचा न बोलता उठून हॉलबाहेर निघून गेला आणि स्टाइनिट्झने जमलेल्यांना पुढची मात पटावर करून दाखवली. ज्याला भित्रा म्हटलं त्याचा हा डाव आज सगळ्यात सुंदर हल्ल्यांमध्ये मोजला जातो. फरक एवढाच, की राजा मध्येच अडकला आहे याची खात्री झाल्यावर त्याने तो हल्ला केला होता.

१८९६-९७ मध्ये मॉस्कोला लास्करशी पुन्हा सामना झाला. दहा डाव हरला, फक्त दोन जिंकला. सामना संपल्यावर त्याचं मानसिक संतुलन बिघडलं आणि तिथेच त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. बरा होऊन तो पुन्हा खेळला, कारण दुसरं काही येत नव्हतं आणि घर चालवायचं होतं. १२ ऑगस्ट १९०० रोजी न्यूयॉर्कच्या वॉर्ड्स आयलंडवरच्या मनोरुग्णालयात तो गेला. मागे दुसरी बायको, लहान मुलं आणि जवळजवळ रिकामी तिजोरी.

म्हणून सुरुवातीला म्हटलं, टी.सी.चा अर्ज ठेवू नका. स्टाइनिट्झचं आयुष्य कित्ता गिरवण्यासारखं होतं असं मला वाटत नाही. पण पॉलिटेक्निक सोडलेल्या या मुलाने जे केलं ते माझ्या मते पक्कं इंजिनिअरिंग होतं. जिथे सगळे जण प्रतिभा, चमत्कार, नशीब म्हणून मोकळे होत होते, तिथे त्याने कारण शोधलं. कुठलं घर कच्चं आहे, ते का कच्चं झालं, तिथे कोण पोचू शकतं आणि कोण नाही. हे चार प्रश्न त्याने पटाला विचारले, आणि उत्तरं बरोबर आहेत हे सिद्ध करायला स्वतःचं नाव पणाला लावून वर्षानुवर्षं खेळत राहिला.

पुढच्या वेळी पट मांडाल तेव्हा समोरच्या राजावर तुटून पडण्याआधी एक मिनिट थांबा. त्याचा कुठला उंट गेला आहे ते बघा, आणि त्या रंगाची घरं मोजा. मी अलीकडे हेच करतो. डाव लांबतात, रूममेट वैतागतात, झोप कमी होते, पण डाव का जिंकला किंवा का हरला हे दुसऱ्या दिवशी सांगता येतं.