गावकुसाचे कारागीर श्रीचोखोबाराय

आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील देऊळगावराजा तालुक्यात मेहुणाराजा नावाचे गाव आहे. श्रीचोखोबारायांचा जन्म तिथला, असे परंपरा मानते. दुसरीही गावे सांगितली जातात, आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. बहीण निर्मळा व तिचे यजमान बंका यांचेही नाव याच गावाशी जोडलेले आहे. संसार मात्र दूर मंगळवेढ्यास झाला आणि मन पंढरीस राहिले. श्रीनामदेवरायांच्या संगतीत जी मंडळी आली, त्यांत हे सारे घरच होते.

वाचकहो, चोखोबांचे चमत्कार आपण कीर्तनातून पुष्कळ ऐकले आहेत. देवाच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात सापडला, बडव्यांनी त्यांना बैलांना बांधले आणि बैल जागचे हलले नाहीत, ही कथा लहान मूलही सांगेल. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या हातांविषयी.

आपल्या संतमंडळींत हातांनी कामे करणारे थोडेथोडके नाहीत. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवीत. संतांची परीक्षा घेताना त्यांनी थापटणे हाती घेतले आणि कच्चे कोण, पक्के कोण हे कुंभारासारखेच पाहिले. नरहरी सोनारांनी आपल्या भट्टीची नि हत्यारांची भाषाच देवापुढे ठेवली. सावतामाळी मळा सोडून कुठे गेले नाहीत, त्यांना विठ्ठल भाजीच्या वाफ्यातच दिसला. या सर्वांना ठरलेला धंदा होता, त्याला बाजार होता, आणि चांगल्या मडक्याचे, चांगल्या दागिन्याचे कौतुक करणारे गिऱ्हाईकही होते.

चोखोबांचं तसं नव्हतं. गाव जे सांगेल ते त्यांचे काम. मेलेली जनावरे ओढायची, निरोप पोचवायचे, राखण करायची, वेठीला बोलावले की दगड-माती वाहायची. मोबदला म्हणजे उष्टे-माष्टे. या कामावर करणाराचे नाव कधी लागत नाही. मग अशा माणसाला अभंगाला सामग्री मिळाली तरी कुठून? आम्हाला वाटते, नेमकी तिथूनच मिळाली. पाटलाच्या अंगणात रोज जो जोहार घालायचा, तोच त्यांनी विठ्ठलापुढे घातला आणि त्याचा अभंग झाला. रोज कानी पडणारा विटाळ हा शब्द त्यांनी उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले की विटाळावाचून जन्माला आलेला आहे तरी कोण! बांधावरचा वाकडा ऊस, वळणे घेत जाणारी नदी, वाकलेले धनुष्य, या रोजच्या पाहण्यातल्या वस्तूंवरून त्यांनी वरचे रूप आणि आतला रस यांतला फरक दाखवला. पोथी त्यांना कोणी उघडू दिली नव्हती. डोळे मात्र उघडे होते.

लिहिता येत नव्हते, म्हणून अनंतभट्टाने त्यांचे अभंग लिहून घेतले, असे परंपरा सांगते. एका ब्राह्मणाने बसून महाराचे बोल उतरवावेत, ही त्या काळची केवढी गोष्ट! आज चोखोबांचे साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. आणि नवल हे की रचना करणारे ते घरात एकटेच नव्हते. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, निर्मळा, बंका, सगळेच रचीत. सोयराबाईंचे साठेक अभंग आहेत. त्या अभंगात आपले नाव घालीत नाहीत, चोख्याची महारी एवढीच खूण ठेवतात. कर्ममेळा तर देवालाच खडसावतो. बापापेक्षा पोरगा तिखट, असं आमच्या मनात नेहमी येतं. एका झोपडीत पाच कवी, आणि पाचांची शाळा एकच, रोजचे काम.

आता हातच्या कारागिरीकडे येऊ. पंढरपुरास देवळात प्रवेश नव्हता. तेव्हा चंद्रभागेच्या पैलतीरी चोखोबांनी झोपडी बांधली आणि तिथे दीपमाळ उभारली, असे सांगतात. दीपमाळ म्हणजे दगडावर दगड चढवीत नेलेले काम. जागोजागी पणती टेकायला आधार ठेवावा लागतो. ज्याला आत जाऊन समई लावता येत नाही, त्याने नदीपलीकडून दिवा दिसेल असे केले. वाहिलेला प्रत्येक दगड वेठीचा असे. हे दगड मात्र त्यांनी आपल्या इच्छेने वाहिले.

भिंतीचे काम काय असते, हे आमच्याकडच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. पांढरी माती निवडायची, भुसा घालून मुरवायची, पायांनी तुडवायची. एक थर घातला की तो सुकेपर्यंत थांबायचे, मगच वरचा. धन्याने घाई केली की भिंतीला पोट येतं. भिंत केव्हा दगा देईल हे घालणाऱ्याला आधी कळते. पण वेठीवरच्या माणसाचे ऐकतो कोण?

मंगळवेढ्यास गावकुसाचे काम निघाले आणि महारांना वेठीला धरून आणले. त्यांत चोखोबा होते. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधण्याची मुभा नव्हती, तेच कुसू ते उभारीत होते. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ साली ते कुसू ढासळले आणि पुष्कळ मजूर त्याखाली गाडले गेले. चोखोबाही त्यांतच गेले.

पुढची कथा आपण जाणतोच. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात हाडांची गर्दी. कोणाची कोणती ओळखावी? त्यांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेचून पंढरीस आणली. महाद्वारी समाधी केली, नामदेवपायरीच्या जवळच.

समाधी झाली, पण दार उघडले नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले, १० मे रोजी ते सुटले आणि देऊळ हरिजनांस खुले झाले. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. पुढल्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. वारकऱ्यांच्या पोथीबाहेर चोखोबांचे नाव असे गेले.

आमच्यासोबत वारीला एक म्हातारे गवंडी येतात. महाद्वारी पोचले की ते चोखोबांपुढे डोके टेकतात आणि मग, सवयच ती, हात लावून दगड घट्ट बसला आहे ना, हे पाहतात. मागून रेटा येतो, कोणी ओरडतो. ते आपले पाहून होईपर्यंत हलत नाहीत.