नोंदवहीतले गरुड

आंबेगाव तालुक्यातलं आहुपे गाव अगदी सह्याद्रीच्या कड्यावर. खाली कोकण, भोवती भीमाशंकरचं रान. ऊन तापलं की वर चढणाऱ्या हवेवर सर्पगरुड घिरट्या घालतात. पण ते नेमके किती, हे सांगणं महाकठीण! एकच पक्षी तीनदा दिसतो आणि आपण तीन मोजून मोकळ्या होतो. म्हणून अभ्यासक घरटी हेरतात. दरवर्षी त्याच दिवसांत तिथे जाऊन जोडी आली का, पिल्लू उडालं का, ते लिहून ठेवतात. पक्ष्यांच्या नोंदींची ही शिस्त आपल्या देशात रुजवण्यात मोठा वाटा डॉ. सलीम अलींचा.

जन्म १८९६ चा, मुंबईतला. तीन वर्षांचे होईतो आई-वडील दोघंही गेले. खेतवाडीत मामा-मामींनी वाढवलं. दहाव्या वर्षी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! मामांनी ती ओळखायला नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पोरगं तिथेच अडकलं.

१९१८ मध्ये तेहमिनाशी लग्न झालं. १९३० साली जर्मनीहून शिकून परतले, तर संग्रहालयातली नोकरीच गेलेली. आपल्याकडे अशा वेळी बाईला काय काय ऐकावं लागतं! तेहमिनाबाईंनी मात्र अलिबागजवळच्या किहीमला बिऱ्हाड हलवलं. तिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. पुढे हैदराबाद, त्रावणकोर संस्थानांत त्यांनी पगाराविना, नुसत्या खर्चावर पक्ष्यांची पाहणी केली. कुठल्या रानात, कोणत्या महिन्यात, कोणता पक्षी, सगळं लिहिलेलं. तंबूतला संसार तेहमिनाबाईंनी हौसेने सांभाळला. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. बहीण आणि मेव्हण्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढच्या जाडजूड ग्रंथांमागे त्या बहिणीचाही हात आहे, असं मला वाटतं. डिलन रिप्लींबरोबरच्या दहा खंडांतला पहिला १९६८ मध्ये निघाला. गरुड-गिधाडं त्यातच आहेत.

१९८७ मध्ये सलीम अली गेले. त्याच सुमारास त्यांच्या सोसायटीच्या माणसांनी भरतपूरला गिधाडांची घरटी मोजली होती, साडेतीनशेच्या आसपास. दहा-अकरा वर्षांनी पुन्हा मोजली तर जेमतेम २० उरलेली! जुना आकडा हाताशी होता म्हणून घट कळली, शोध सुरू झाला. गुराढोरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं मरतात हे सापडलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.