बापाला पत्र लिहून गोव्यात राहिलेला इंग्रज पाद्री, ज्याने मराठीत ११ हजार ओव्या लिहिल्या

दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो आणि मराठीचं कौतुक करणाऱ्या काही ओव्या व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर फिरायला लागतात. त्याखाली नाव असतं फादर स्टीफन्स. हे गृहस्थ इंग्रज होते, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यापुढचं फारसं कोणी सांगत नाही.

ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. त्याच्या २१ वर्षं आधी एक इंग्रज माणूस गोव्यात येऊन काय करत होता? तो इथे रुळला कसा? आणि ज्या पोर्तुगीज सत्तेच्या जहाजातून तो आला, ती सत्ता इथल्या पोथ्या-पुराणांवर बंदी घालत असताना त्याने इथल्याच भाषेत पुराण का लिहिलं?

त्याचीच ही गोष्ट.

घर सोडावं लागलं, कारण धर्म

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म साधारण १५४९ सालचा. गाव इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातलं बुश्टन. वडील लंडनचे व्यापारी. शिक्षण विंचेस्टरच्या नावाजलेल्या शाळेत झालं.

तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ राणी होती. देश प्रोटेस्टंट झाला होता आणि कॅथलिक पंथ पाळणाऱ्यांवर सरकारची नजर असायची. स्टीफन्स कॅथलिक होते. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक मित्राचा नोकर असल्याचं सोंग घेऊन ते काही काळ त्याच्यासोबत फिरले. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात सामील व्हायचं ठरवलं होतं. पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळपास ३० वर्षं तुरुंगांत गेली.

स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट झाले. आता मायदेशी परतायचं म्हणजे पाउंडसारखीच गत व्हायची भीती. त्यांनी भारतात जायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

साडेसहा महिन्यांचा प्रवास

त्या काळी पूर्वेकडे जाणाऱ्या कॅथलिक मिशनऱ्याला पोर्तुगालच्या राजाच्या जहाजातूनच जावं लागायचं. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला. त्यातल्या एकावर स्टीफन्स होते.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वारा पडला, की जहाज दिवसेंदिवस एकाच जागी डुलत राहायचं. ऊन आणि उकाडा सहन होत नसे. केप ऑफ गुड होपला वळसा घालायला जुलै संपत आला. उशीर झाल्यामुळे नेहमीचा मोझांबिककडून जाणारा रस्ता सोडून जहाज मादागास्करच्या बाहेरून न्यावं लागलं.

त्या लांबच्या रस्त्यावर पाणी कमी पडलं आणि स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजायच्या, पाय सुजायचे, अंग इतकं बधिर व्हायचं की हात-पाय हलवता येत नसत. ताजी फळं आणि भाजी न मिळाल्यामुळे हा रोग होतो, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. स्टीफन्स यांच्या जहाजावर दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि २७ जण दगावले.

त्यात जहाज भरकटलं. उत्तर-दक्षिण अंतर सूर्य-ताऱ्यांवरून मोजता यायचं, पण आपण पूर्वेला किती आलो हे मोजायचं खात्रीचं साधन खलाशांकडे नव्हतं. भारत जवळ आला असं वाटत असताना जहाज अरबस्तानाजवळच्या सोकोत्रा बेटाकडे गेलं होतं. शेवटी २४ ऑक्टोबर १५७९ ला गोवा दिसलं.

बापाला लिहिलेलं पत्र

गोव्यात उतरून जेमतेम १७ दिवस झाले होते, तेव्हा १० नोव्हेंबरला स्टीफन्स यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. परदेशी गेलेला मुलगा पोहोचल्यावर घरी जे कळवतो, तेच त्यात आहे. प्रवास कसा झाला, कोण आजारी पडलं, इथली माणसं दिसायला कशी आहेत, खायला-प्यायला काय मिळतं.

युरोपातलं एकही ओळखीचं झाड त्यांना इथे दिसलं नाही. अपवाद फक्त द्राक्षवेलीचा, पण तिचाही इथे काही उपयोग होत नव्हता. वाइन पोर्तुगालहूनच यायची. इथले लोक पाणी पितात, नाहीतर माडी आणि नारळाचं पाणी, हे त्यांनी घरी कळवलं.

रिचर्ड हॅकलुट या लेखकाने पुढे इंग्रजांच्या समुद्रप्रवासाच्या हकिगती एकत्र छापल्या, त्यात हे पत्रही आलं. भारताच्या सागरी वाटेबद्दल इंग्लंडमध्ये कुतूहल वाढायला त्याने हातभार लावला. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचंच नाव घेतलं जातं.

साष्टी आणि कुंकळ्ळीचा उठाव

गोव्यातच त्यांना पाद्री म्हणून दीक्षा मिळाली आणि साष्टी तालुक्यात, म्हणजे मडगाव-राशोलच्या भागात नेमणूक झाली. उरलेलं बहुतेक आयुष्य त्यांनी याच पट्ट्यात काढलं.

साष्टी तेव्हा शांत नव्हती. १५६० च्या दशकात पोर्तुगीजांनी इथली देवळं पाडली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं होतं. गावोगाव धर्मांतरं चालू होती आणि लोकांच्या मनात राग साचला होता.

जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट आणि त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती लोक चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत गेले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला करून त्यांना ठार केलं. त्या पाचांमध्ये रुदोल्फ आक्वाविवा होते, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होते. पोर्तुगीजांनी याचा सूड घेतला. गावच्या गावकारांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यातल्या बहुतेकांना मारून टाकलं. या गावकारांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे.

आपल्या सोबत्यांचे मृतदेह ताब्यात घ्यायचं काम स्टीफन्स यांच्यावर आलं. त्यांना राशोलला पुरण्यात आलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला असलेल्या रिचर्ड या भावाला त्यांनी पत्र लिहून हा सगळा प्रकार कळवला. त्यात एक वेगळीच गोष्टही होती. इथल्या भाषांचे उच्चार कानाला बरे वाटतात आणि त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या नात्याबद्दल विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात केलेलं प्रसिद्ध भाषण १७८६ सालचं आहे. स्टीफन्स यांच्या लक्षात ते साम्य दोनशे वर्षं आधी आलं होतं.

तुरुंगातल्या इंग्रजांना जामीन

१५८३ च्या शेवटी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांच्या दोन साथीदारांना होर्मूझला पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं गेलं. हेरगिरीचा संशय होता. हे चौघे इंग्रज होते, म्हणजे ज्या देशात स्टीफन्स यांना राहणं शक्य नव्हतं तिथले. तरी त्यांनी खटपट करून या लोकांना जामीन मिळवून दिला. फिच पुढच्या वर्षी गोव्यातून निसटला, भारत आणि ब्रह्मदेश फिरून १५९१ मध्ये लंडनला परतला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा सल्ला घेतला.

पुराण काढून घेतलं, मग पुराण दिलं

स्टीफन्स लोकांमध्ये राहून कोकणी बोलायला शिकले. पण गोव्यात बोली एक आणि पोथीची भाषा दुसरी, अशी स्थिती होती. कीर्तन, पुराण, ओव्या हे सगळं मराठीत चालायचं. पैठणला संत एकनाथ लिहीत होते तोच हा काळ. म्हणून स्टीफन्स मराठीही शिकले, आणि तीही ग्रंथ रचता येईल इतकी.

धर्मांतर झालेल्यांना जुन्या पोथ्या ठेवायला बंदी होती. स्टीफन्स यायच्या आधीच दिवाडी बेटावरच्या एका ब्राह्मणाच्या घरातून मराठी पोथ्या उचलून नेल्या गेल्या होत्या. लोकांचा धर्म बदलला, पण संध्याकाळी एकत्र बसून पुराण ऐकायची सवय कुठे जाणार? पोथी गेल्यावर तिथे काहीच उरलं नव्हतं.

ग्रंथाच्या सुरुवातीला स्टीफन्स यांनी हाच प्रसंग रचलाय. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, असं साष्टीतला एक नवख्रिस्ती विचारतो आणि त्याला उत्तर म्हणून पुराण सुरू होतं. बंदी घालणाऱ्या व्यवस्थेतच स्टीफन्स काम करत होते आणि धर्मप्रसार हाच त्यांचा हेतू होता. पण त्या बंदीने लोकांचं काय हिरावलं गेलं, हे त्यांनी आपल्या ग्रंथात लपवलं नाही.

'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या बायबलमधल्या जुन्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. एकूण ओव्या जवळपास ११ हजार. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, स्वर्गाला शब्द वैकुंठ, आणि सोबत कोकणी शब्दांची पेरणी. ऐकणाऱ्याला कथा नवीन होती, पण चाल ओळखीची.

हे पुराण देवनागरीत छापावं अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला जेझुइटांच्या प्रमुखांना पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली. अक्षरं ६०० च्या आसपास होतात, पण साचे २०० वर आणता येतील, असा हिशोबही त्यांनी दिला. ते काही झालं नाही. मराठीतला हा मोठा ग्रंथ शेवटी रोमन लिपीत छापावा लागला.

१६१९ मध्ये गोव्यातच स्टीफन्स यांचं निधन झालं. भारतात येऊन ४० वर्षं झाली होती. या काळात ते इंग्लंडला एकदाही परत गेले नाहीत.

पुस्तक हरवलं, ओव्या टिकल्या

त्यांची इतर दोन पुस्तकं मृत्यूनंतर राशोलला छापली गेली. १६२२ मध्ये कोकणीतली ख्रिस्ती शिकवण आणि १६४० मध्ये कोकणीचं व्याकरण. भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून या पुस्तकाचा उल्लेख होतो. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या.

नंतर वारं फिरलं. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या भाषा शिकण्यात स्टीफन्स यांची हयात गेली, त्याच आता सरकारला नको होत्या.

ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज माहीत नाही. ते वाचलं लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून मंगळूरला पुन्हा आवृत्ती काढली. १९२० च्या दशकात जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याला लंडनमध्ये याच ग्रंथाचं देवनागरी हस्तलिखित सापडलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण देवनागरी आवृत्ती काढली आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पुराण आपल्या लिपीत वाचता आलं. स्टीफन्स यांनी देवनागरीचे खिळे मागितले त्याला तेव्हा ३४८ वर्षं झाली होती.

गोव्यात पर्वरीला आज त्यांच्या नावाने 'थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र' चालतं. तिथे कोकणी भाषेवर संशोधन होतं.