गोपाळ गणेश आगरकर : लेखणीची किंमत

गेल्या वर्षी कॉलेजच्या भित्तिपत्रकात मी आमच्या गावच्या पाणीयोजनेवर लिहिले. ऐकीव माहितीवर लिहिले. त्यातली एक गोष्ट खोटी निघाली आणि मला चारचौघांत माफी मागावी लागली. मोठ्यांच्या वाटेला जाऊ नको, असे वडिलांनी बजावले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्याच दिवसांत ग्रंथालयात आगरकरांचे चरित्र हाती आले.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गरीब घरात झाला. पुण्यात शिकताना एकुलता एक सदरा रात्री धुऊन ते सकाळी घालत, असे सांगतात. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक तेच.

कोल्हापूर हे इंग्रजांचे मांडलिक संस्थान. गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वय माझ्याइतकेच, एकोणीस. कारभारी माधवराव बर्वे यांच्या पाठीशी इंग्रज सरकार होते. महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, असे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पुराव्याची म्हणून छापलेली पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची कैद झाली. ज्यांचा सत्यशोधक विचार आमच्या ओतूरपर्यंत पोहोचला, त्या जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी खटल्याच्या वेळी जामीन दिला होता.

डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे २६ ऑक्टोबरला सुटले. पुढच्याच वर्षी महाराज अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीत मरण पावले. पत्रे खोटी होती, पण काळजी खोटी नव्हती.

तुरुंगाने आगरकर गप्प झाले नाहीत. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच, १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत ते गेले.

या चरित्राने मला दोन गोष्टी शिकवल्या. बलवानांविरुद्ध लिहिताना आपला कागद खरा हवा. आणि एकदा चुकलो म्हणून लेखणी खाली ठेवायची नसते. यंदा मी माहितीच्या अधिकारात पाणीयोजनेचे कागद मागवले आहेत. अर्जाचे दहा रुपये वडिलांनीच दिले.