पिवळ्या गळ्याची चिमणी

डॉ. सलीम अली हे नाव आपल्याला नवे नाही. त्यांना १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, हे मुले सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ करतात. पण या पोरक्या मुलाला पक्ष्यांचे वेड लागले कसे, आणि त्या वेळी घरच्या वडीलधाऱ्याने काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. मला तेवढेच सांगावयाचे आहे.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील वारले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या भावंडांना खेतवाडीच्या आपल्या घरी वाढविले. सुट्टीत मंडळी चेंबूरला जात. आज खरे वाटणार नाही, पण तेथे तेव्हा रान होते आणि पहाटे दयाळ पक्षी गात असे.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची छोटी बंदूक दिली. आजच्या वाचकाला हे रुचणार नाही, मलाही रुचत नाही; पण पुढचे ऐका. तबेल्यात एका भोकात चिमणी अंडी उबवीत होती आणि बाहेर खिळ्यावर नर पहारा देत होता. सलीमने गाडीच्या आड लपून नराला टिपले. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा हजर! सात दिवसांत असे आठ नर पडले. मुलगा एवढ्यावर थांबला नाही, त्याने हे वहीत लिहून ठेवले. दहा-अकरा वर्षांच्या पोराची ती नोंद होती. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ती दिली आहे.

मग १९०८ च्या सुमारास एक निराळी चिमणी हाती आली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाण्यास हलाल की नाही, असा प्रश्न त्याला पडला आणि तो मामांकडे गेला.

मामांना ती चिमणी ओळखता आली नाही. अशा वेळी आपण काय करतो? मी शिक्षक आहे. तास संपत आला की मीही मुलाला खाली बस म्हणतो. मामांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते आणि त्या काळी तेथे हिंदी सभासद मोजकेच होते. त्यांनी सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि भाच्याला चिमणी घेऊन पाठविले.

मुलगा भीत भीत साहेबासमोर उभा राहिला. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्ष्याची कातडी सोलून टिकविण्याची विद्याही त्याला तेथेच मिळाली.

शाळेत मात्र गणिताने छळले. १९१३ साली मॅट्रिक कसेबसे पार पडले, कॉलेज अर्धवट सुटले आणि सलीम ब्रह्मदेशात कामधंद्याला गेले. मोठी पदवी नसल्याने पक्षिशास्त्राची सरकारी नोकरीही हुकली. शेवटी जर्मनीत शिकून १९३० साली परतले, तर हाताला काम नाही. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तेथे सुगरणीची घरटी होती. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तासन्‌तास बसून टिपले. तबेल्यातल्या गाडीआडची तीच नजर, फक्त बंदूक नव्हती. तो अभ्यास १९३१ साली छापला गेला आणि नाव झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले, ते घरोघर पोहोचले.

२० जून १९८७ रोजी ते अल्लाला प्यारे झाले. त्याआधी दोन वर्षे प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणी आहे.

ती पीतकंठी चिमणी आपल्या विदर्भाच्या पानगळीच्या रानांतही आढळते. नराच्या गळ्याखालचा पिवळा डाग लहान असतो, त्यामुळे मान वर करून नीट पाहावे लागते.